डॉन ऑफ सॉरो: सील चुकतंय, सेव्ह जातंय, शेवट अर्धाच राहतोय? या चुका टाळा

‘कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो’ हा कोनामीचा गेम २००५ मध्ये निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. गॉथिक किल्ला, बर्फाने झाकलेलं गाव, राक्षसांचे सोल, म्हणजे त्यांची ताकद देणारे आत्मे, गोळा करत फिरणारा नायक सोमा क्रूझ, आणि एकेका दालनात तासन् तास रमवणारा नकाशा. आजही तो तितकाच खेळावासा वाटतो. पण अनेकांचं घोडं तिसऱ्या-चौथ्या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या राक्षसापाशी, अडतं आणि गेम अवघड आहे असं म्हणून ते डीएस कपाटात टाकतात. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. टचस्क्रीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची जागा जुळवणं, बिघडलेलं असतं, खांद्याचं बटण दाबलं तरी लागत नसतं, नाहीतर अंगावर चुकीची वस्तू चढवलेली असते. म्हणून किल्ल्यात शिरण्याआधी यंत्र तपासा.

चार्जर: पहिली आणि सगळ्यात महागाची चूक

मुंबईत डीएस बहुधा परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला असतो किंवा सेकंडहँड घेतलेला असतो. सोबतचा चार्जर अमेरिकेचा असेल तर तो १२० व्होल्टचा असतो, जपानचा असेल तर १०० व्होल्टचा. आपल्याकडे भिंतीतून येतात २३० व्होल्ट. पिन बसावी म्हणून दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावतात. त्याने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जर लावल्या लावल्या जळतो. चार्जरच्या पाठीवरची इनपुटची ओळ आधी वाचा. तिथे २३० किंवा २४० लिहिलेलं नसेल तर तो भिंतीत लावूच नका. डीएस लाइटसाठी यूएसबी चार्जिंग केबल मिळते, ती मोबाइलच्या साध्या ५ व्होल्ट चार्जरवर चालते. जुना जाड डीएस, डीएस लाइट आणि डीएसआय या तिघांच्या पिना वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे केबल घेताना मॉडेलचं नाव सांगा. डीएस लाइटच्या मूळ चार्जरचं आउटपुट ५.२ व्होल्ट आहे आणि डीएसआयच्या चार्जरचं ४.६. पिन घासून एकाचा चार्जर दुसऱ्यात बसवण्याचा खटाटोप करू नका.

बॅटरी फुगली आहे का, हेही पाहून घ्या. डीएस लाइटच्या पाठीमागचं बॅटरीचं झाकण एकाच साध्या स्क्रूवर असतं. झाकण वर आलेलं दिसलं किंवा बॅटरीला पोट आलं असेल तर ती लगेच काढा. टोचू नका, चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या.

सील चुकतंय: हात की पडदा?

या गेममध्ये बॉसची ताकद शून्यावर आली म्हणजे तो मेला असं नाही. त्याच क्षणी पडद्यावर वर्तुळ येतं आणि ठरलेली आकृती स्टायलसने, म्हणजे टचस्क्रीनवर टेकवायच्या काडीने, वेळेत काढावी लागते. हेच ते मॅजिक सील. चुकलं की बॉसला थोडी ताकद परत मिळते आणि लढाई पुन्हा चालू होते. हातातोंडाशी आलेला घास जातो तो इथेच.

डीएसचा टचस्क्रीन दाबावर चालतो. मोबाइलसाठीचा मऊ रबरी टोकाचा स्टायलस त्यावर नीट दाब देत नाही, आणि बोटाच्या शेंड्याने बिंदू नेमका सापडत नाही. कडक प्लास्टिकचं टोक असलेला स्टायलसच हवा. मूळचा हरवला असेल तर तशाच आकाराचा घ्या. बॉलपेनचं टोक मात्र कधीच लावू नका, पडद्यावर कायमचा ओरखडा उठतो.

आता पडदा तपासायचा. डीएसच्या मुख्य मेनूतून सेटिंग्जमध्ये जा आणि टचस्क्रीनचं कॅलिब्रेशन उघडा. टच खूपच सरकलेला असला तरी मेनू दिशेच्या बटणांनी आणि ए बटणाने चालवता येतो. पडद्यावर खुणा येतील, प्रत्येकीच्या नेमक्या मध्यावर स्टायलस टेकवा. डीएस टेबलावर सपाट ठेवा आणि डोळे बरोबर वर आणा. मांडीवर तिरका धरून केलेलं कॅलिब्रेशन पुन्हा तिरकंच बसतं. हे झालं की डीएसच्या पिक्टोचॅटमध्ये चारही कोपऱ्यांत बारीक ठिपके काढून बघा. ठिपका टोकाखाली पडला तर काम झालं.

कॅलिब्रेशननंतरही रेघ एका कडेला ओढली जात असेल, तर पडदा आणि भोवतालची चौकट यांच्या फटीत धूळ किंवा बिस्किटाचा चुरा अडकलेला असतो आणि तो पडद्याला सतत दाबत राहतो. पोस्टकार्डाइतक्या जाडीच्या कागदाचा कोपरा त्या फटीतून हळूच चारही बाजूंनी फिरवा. पिन किंवा ब्लेड नको. स्क्रीनगार्ड जाड असेल किंवा त्याखाली बुडबुडे असतील तर तेही काढून टाका.

यंत्र ठीक असेल तर मग सवय बदलायची. वर्तुळ दिसल्यावर खाचेतून स्टायलस काढायला गेलात तर वेळ संपते. बॉसच्या दालनात शिरण्याआधीच स्टायलस उजव्या हाताच्या बोटांत धरून ठेवा, बटणं अंगठ्याने दाबता येतात. नवीन सील मिळालं की त्याची आकृती कागदावर पाच-सहा वेळा काढा. कुठल्या बिंदूपासून सुरुवात होते आणि रेघ कुठून कुठे वळते हे हाताला माहीत व्हायला हवं. आकृती शक्यतो स्टायलस न उचलता, एका ओघात काढा. आणि धावत्या विरार लोकलमध्ये बॉस मारायला घेऊ नका. गर्दीत गाव आणि गलियारे फिरून सोल जमवता येतात, पण सांधा बदलताना गाडीने दिलेला एक हिसका सील वाया घालवतो.

उडी मागे जात नाही, सोल चालत नाही

मागे सटकण्यासाठी एल बटण आहे आणि गार्डियन सोल (सोलचा एक प्रकार) आर बटणावर आहे. डीएस लाइटची हीच दोन बटणं सगळ्यात आधी दगा देतात. दाबल्याचा टक् आवाज येतो पण गेममध्ये काहीच होत नाही, किंवा तीनदा दाबल्यावर एकदा लागतं. याने बॉसचा मार सोमाला बसत राहतो आणि आपलीच वेळ चुकली असं वाटतं. डीएस बंद करा, बॅटरी काढा, बटणाच्या फटीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा आणि बटण वीस-पंचवीस वेळा दाबा. अर्धा तास सुकू द्या. तरीही लागत नसेल तर आतला छोटा स्विच बदलावा लागतो आणि त्याला सोल्डरिंग लागतं. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, किंवा बारीक काम करणाऱ्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे ते होतं. डीएस उघडायला वाय आकाराचा स्क्रूड्रायव्हर लागतो, तो त्याच्याकडे आहे का हे आधी विचारा. साध्या पेचकसाने जबरदस्ती केली की स्क्रूची डोकी झिजतात.

कार्ट्रिज वाचत नाही, सेव्ह टिकत नाही

पावसाळ्यात मुंबईची दमट, खारट हवा कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्यांवर थर आणते. मग मेनूत कार्डच दिसत नाही किंवा खेळता खेळता चित्र गोठतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. कानकोरणीचा कापूस अल्कोहोलने जेमतेम ओला करा, पट्ट्यांवरून लांबीच्या दिशेने फिरवा, कोरड्या टोकाने पुसा, दहा मिनिटं थांबा. खोडरबराने घासलं तर मुलामा निघतो. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

सेव्ह टिकत नसेल तर कार्ट्रिज नकली असण्याची शक्यता मोठी. मूळ कार्ट्रिजच्या लेबलवर ‘एनटीआर’ने सुरू होणारा कोड छापलेला असतो, पण नकलीवरही तो छापता येतो, त्यामुळे निव्वळ लेबल पाहून पैसे देऊ नका. दुकानातच नवीन गेम सुरू करा, पहिल्या सेव्ह रूमपर्यंत जा, सेव्ह करा, डीएस पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. फाइल जागेवर असेल तरच खरेदी.

झाकण मिटल्यावर डीएस झोपतो, पण झोपणं म्हणजे सेव्ह होणं नव्हे. बॅटरीचा दिवा लाल झाला की आहात तिथून जवळची सेव्ह रूम गाठा. सेव्ह रूममध्ये ताकदही पूर्ण भरते, त्यामुळे वळसा पडला तरी तो वाया जात नाही.

सोल उधळू नका

बऱ्याच सोलची ताकद त्यांच्या नगांनुसार वाढते, आणि मोजणी ९ वर थांबते. गेममधल्या योको या पात्राच्या दुकानात शस्त्र बनवताना सोल कायमचा खर्च होतो. जवळ एकच नग असलेला सोल तिला देऊन टाकणं ही सुरुवातीची नेहमीची चूक. दुसरा नग मिळेपर्यंत थांबा. एखाद्या राक्षसाचा सोल हवा असेल तर दालनातून बाहेर जाऊन परत या, तो पुन्हा उभा राहतो. दरवाज्याजवळचा राक्षस त्यासाठी निवडा. सोल ईटर रिंग घातली की सोल लवकर पडतात, मात्र ती महाग आहे.

शेवट अर्धाच का राहतो

इथून पुढे कथेचा उलगडा आहे. ज्यांना स्वतः शोधायचं आहे त्यांनी इथे थांबावं.

सिंहासनाच्या दालनात डारिओ या शत्रूला तसंच हरवलं तर गेम तिथेच संपतो आणि किल्ल्याचा उरलेला भाग बघायला मिळत नाही. त्याच्या आधी पॅरानोइया या बॉसला मारून त्याचा सोल मिळवायचा. त्या सोलने आरशात शिरता येतं, आणि डारिओच्या आतला अगुनी हा राक्षस आरशातच गाठायचा असतो. डारिओकडे जाण्याआधी एखाद्या आरशात शिरून पाहा, म्हणजे ऐन लढाईत चाचपडावं लागणार नाही.

दुसरा सापळा किल्ल्याच्या गार्डन ऑफ मॅडनेस या भागात आहे. तिथे सेलिया या शत्रूला सामोरं जाताना सोमाची मैत्रीण मीनाने पाठवलेला ताईत अंगावर असायलाच हवा. नसेल तर सोमा स्वतःच अंधाराचा स्वामी होतो. ताईत बसतो तो दागिन्याच्या एकाच जागेत, आणि सोल गोळा करणाऱ्यांनी तिथे नेमकी सोल ईटर रिंग चढवलेली असते. शिवाय डॉपलगँगर सोल मिळाल्यावर एक्स बटणाने वस्तूंचे दोन संच बदलता येतात. ताईत एका संचात आणि चालू संच दुसरा, असं झालं तरी निकाल तोच. दालनाच्या आधी मेनू उघडा, ताईत असलेला संच चालू आहे हे डोळ्यांनी बघा, सेव्ह करा, मग पाऊल टाका. खरा शेवट पाहून झाला की वेगळ्या फाइलवर ताईत मुद्दाम काढून तोही शेवट जरूर बघा, कारण त्यातून ज्युलियस मोड उघडतो आणि अख्खा किल्ला ज्युलियस बेल्मॉन्ट या दुसऱ्या पात्राच्या चाबकाने नव्याने खेळता येतो.