क्लचची ब्रेडेड लाइन टाकताय? या चुका टाळा

"क्लच स्लिप होतोय, ब्रेडेड लाइन टाकून देता का?" टर्बोचं बूस्ट वाढवलेल्या गाड्यांचे मालक महिन्यातून दोन-तीनदा तरी मला हे विचारतात. उत्तर ठरलेलं आहे: लाइन बदलून क्लचची पकड वाढत नाही. स्लिप होत असेल तर प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बघा, गिअरबॉक्सच्या बाजूचं ऑइल सील गळतंय का ते बघा. लाइनचं काम वेगळं आहे: पेडलचा दाब ऑइलमार्गे क्लचपर्यंत पोचवणं. जड प्रेशर प्लेट टाकली की ती उचलायला जास्त दाब लागतो आणि त्या दाबाने जुनी रबरी नळी फुगते. पायाचा थोडा प्रवास नळी फुगवण्यातच जातो, गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडा पुरेसा पुढे येत नाही, प्लेट अर्धवट सुटते. मग वरच्या आरपीएमला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो. हे दुखणं असेल तर आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी असलेली ही ब्रेडेड लाइन नक्की टाका.

आता माझा सगळ्यात जुना राग: आटे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा त्याच्या टर्बो केलेल्या जपानी सेदानला घरीच लाइन बसवून मोकळा झाला. "कोणत्याही गाडीला बसते" असं लिहिलेली तयार लाइन त्याने ऑनलाइन मागवली होती. तिची फिटिंग होती एएन-३, म्हणजे इंची मापाची. तिचे आटे ३/८ इंचाचे, इंचाला २४. गाडीच्या स्लेव्ह सिलिंडरला आटे होते एम १०, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचे, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १ मिलिमीटर. ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिलिमीटर, आणि इंचाला २४ आटे म्हणजे दोन आट्यांत साधारण १.०६ मिलिमीटर अंतर. फरक इतका थोडा की फिटिंग आत फिरते, चढते, बसल्यासारखी वाटते. त्यालाही ती जरा हलताना जाणवली होती. त्याने नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि पान्याने आवळली.

दोन दिवस एक थेंब गळला नाही. तिसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या उतारावर, मागून ट्रक येत असताना, त्याने तिसऱ्यातून दुसरा टाकायला क्लच दाबला आणि पेडल जमिनीला चिकटलं ते वर आलंच नाही. नशिबाने तो घाबरला नाही. गाडी तिसऱ्यातच ठेवून ब्रेकवर हळू करत त्याने कडेला घेतली. मी पोचलो तेव्हा फिटिंग नळीच्या टोकाला लोंबकळत होती आणि सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे आटे तिच्यावर चकलीसारखे गुंडाळलेले होते. सिलिंडर फेकावा लागला, लाइनही. त्या वळणावर त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

आटे सोडले तरी तोंडाचा कोन वेगळा असतो. एएन फिटिंगचं तोंड ३७ अंशांचं, गाड्यांच्या डबल फ्लेअर (टोक दुहेरी दुमडून फुलवलेल्या) नळीचं ४५ अंशांचं. दोन्ही एकमेकांवर कितीही आवळा, नीट सील होणार नाही. गाडीकडून एएनकडे जाणारा बरोबर ॲडॉप्टर घ्या, नाहीतर त्या गाडीसाठीच बनवलेली लाइन घ्या. माझी सवय अशी: फिटिंग कोरडी, बोटांनी, पान्याशिवाय किमान चार-पाच फेरे गेली पाहिजे आणि जाताना डुगडुगता कामा नये. बोटाला शंका आली की आट्यांचं अंतर तपासायचा पिच गेज काढायचा. टेप तर गॅरेजमध्ये या कामाला आणूच देत नाही. इथे सील आट्यांवर होत नाही, तोंडावर होतं. टेपचे तुकडे मात्र आत जाऊन पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं बारीक भोक बुजवतात.

बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून ऑइल जातं तो बोल्ट) तांब्याचे वायसर नवेच टाका, दोन्ही बाजूंना. आवळताना दोन पाने वापरा. लाइनला पीळ राहिला की ती स्वतःला उलगडते आणि फिटिंग सैल करते.

दुसरी चूक लाइनमध्ये अडकलेल्या हवेची. जुन्या स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएसवर हे मी सगळ्यात जास्त पाहिलंय. मालक म्हणतात, "लिटरभर ब्रेक ऑइल घातलं, पेडल तरी स्पंजसारखं." बॉनेट उघडलं की कारण समोर दिसतं. नवी लाइन गरजेपेक्षा लांब, म्हणून बॅटरीच्या वरून तिची छान कमान केलेली. हवा वर चढते आणि कमानीच्या डोक्यावर बसून राहते. हवा बाहेर काढायचं निपल खाली गिअरबॉक्सवर आहे, तुम्ही पेडल मारून मारून ऑइल त्या बुडबुड्याखालून काढत राहता. लाइन अशी ओढा की वाटेत कुठेही उंचवटा राहणार नाही. तरी हवा अडकली तर मी स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्ट काढून खाली घेतो, निपल वर करून धरतो आणि दांडा अंगठ्याने सावकाश आत दाबतो. बुडबुडे टाकीत येताना दिसतात. या वेळी गाडीत कुणालाही बसू देऊ नका. सिलिंडर मोकळा असताना पेडल दाबलं की पिस्टन बाहेर उडतो.

घाईने पेडल पंपावर पंप मारणं बंद करा. निपल किंचित उघडून टाकी भरलेली ठेवा आणि चहा घेऊन या. ऑइल स्वतःच्या वजनाने उतरतं आणि अर्ध काम करून जातं. ज्यांना पंधरा मिनिटं थांबवत नाही, त्यांच्याच गाड्या माझ्याकडे परत येतात.

ऑक्टेव्हियासारख्या गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. क्लचची नळी टाकीच्या तळापेक्षा वर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल राहतं. पण ब्लीडिंग करताना, म्हणजे हवा काढताना, टाकी तळाला गेली तर हवा ब्रेकमध्ये शिरते आणि काम दुप्पट होतं. ऑइल डॉट ४ घ्या, नवी सीलबंद बाटली. ते हवेतली वाफ शोषतं: कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा घेतलेल्याची किमान मर्यादा १५५. टर्बोशेजारून लाइन जात असेल तर हा फरक जाणवतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, या ऑइलमध्ये मिसळू नका. डॉट ५.१ चालतं. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

लाइन बदलल्यावर वीसेक मिनिटं गाडी चालवली की क्लच स्लिप होऊ लागतो, थंड झाली की ठीक: हे लक्षण ऐकलं की मी आधी पेडलखाली वाकतो. मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळीक नसेल तर पिस्टन मागे पूर्ण येत नाही, टाकीकडचं भोक बंद राहतं, तापलेलं ऑइल फुगतं आणि क्लच अर्धवट दाबून धरतं. पडताळणी सोपी. स्लिप होत असतानाच थांबा आणि निपल पाव फेरा उघडा. ऑइल उडालं आणि क्लच धरू लागला तर दोष दांड्याचा. या एका गोष्टीपायी लोकांनी चांगल्या प्लेटी बदललेल्या पाहिल्यात, गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीसकट.

स्टीलची जाळी करवतीसारखी असते. जिथे घासेल ते कापते: वायरिंग, एसीचा पाइप, काहीही. प्लॅस्टिकचं आवरण असलेली लाइन घ्या, क्लिपांनी बांधा आणि इंजिन माउंटवर हलतं हे लक्षात ठेवून थोडी ढील ठेवा. मग एकाला पेडल मिनिटभर दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. शंभर किलोमीटरनंतर हेच पुन्हा करा.