वॉटरडीप पुस्तकातलं आणि तुमच्या टेबलावरचं

सगळ्यात आधी साल ठरवा. फरगॉटन रेल्म्स, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाचं एक काल्पनिक जग. तिथे कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) चालवताना लोअरवरून, म्हणजे त्या जगाच्या लिहिलेल्या इतिहासावरून, जे वाद होतात, त्यातले बरेचसे सालाचे असतात. खेळाडू म्हणतो, "मिस्ट्रा तर मेलीये ना?" कधीची गोष्ट? रेल्म्सच्या कालगणनेनुसार 1358 डीआरमध्ये ही जादूची देवी मेली आणि मिडनाइट नावाच्या मानवी स्त्रीने तिची जागा घेतली. 1385 मध्ये ही दुसरीही मारली गेली आणि स्पेलप्लेग (जादूच बिघडवणारा प्रलय) सुरू झाला. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या काळात मिस्ट्रा परत आलेली आहे. नेव्हरविंटर शहराचंही तसंच. 1372 मध्ये तिथे लॉर्ड नॅशर राज्य करतोय, 1451 मध्ये माउंट हॉटनाउच्या उद्रेकात शहर उद्ध्वस्त होतं आणि 1490 च्या आसपास ते पुन्हा उभं राहिलेलं असतं. विकीवर ही सगळी माहिती एकाच पानावर शेजारी शेजारी असते. त्यामुळे दोन खेळाडू दोन वेगळी शहरं डोक्यात घेऊन टेबलावर येतात.

तेव्हा एक तारीख कागदावर लिहा. उदाहरणार्थ, '1492 डीआर, वसंत, वॉटरडीप' (वॉटरडीप हे रेल्म्समधलं मोठं शहर). त्या दिवसापर्यंतचा इतिहास पुस्तकाचा, त्यानंतरचा तुमचा. पुढच्या वर्षी आलेल्या नव्या पुस्तकात 1494 मध्ये काहीही घडलेलं असो, तुमच्या टेबलाला ते बांधील नाही. ही पळवाट नाही. हार्न या दुसऱ्या एका खेळाच्या जगाची (सेटिंगची) अधिकृत प्रकाशनं 1983 पासून त्या जगाच्या टीआर 720 या एकाच वर्षावर थांबलेली आहेत, पुढचं वर्ष ज्याचं त्याने चालवायचं. डी अँड डीच्या कर्त्यांनीही 2021 मध्ये स्पष्ट केलं, की खेळापुरतं कॅनन (अधिकृत धरायचा मजकूर) म्हणजे 2014 पासूनच्या पाचव्या आवृत्तीच्या खेळाच्या पुस्तकांतलं, कादंबऱ्या त्यात धरायच्या नाहीत. कादंबऱ्यांचा गठ्ठा वाचलेला खेळाडू तुमच्या टेबलावर असेल, तर हे त्याला सेशन झीरोलाच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच, सांगून टाका.

आता एक पान घ्या, एकच. वर तारीख. खाली पाच गोष्टी, पुस्तकात आहेत तशाच राहणाऱ्या. मग तीन, तुम्ही बदललेल्या. मग दोन, मुद्दाम कोऱ्या सोडलेल्या. आकड्यांना काही शास्त्र नाही, पण तीनपेक्षा जास्त बदल खेळाडूंच्या लक्षात राहत नाहीत, असा अनुभव येतो. वॉटरडीपसाठी पान साधारण असं दिसेल. जसंच्या तसं: ओपन लॉर्ड, म्हणजे शहराची उघड प्रमुख, लेराल सिल्व्हरहँड, ओळख लपवून तिच्यासोबत राज्य करणारे मुखवट्याआडचे लॉर्ड्स, शहराचे वॉर्ड, कायद्याची संहिता म्हणजे कोड लीगल, आणि यॉनिंग पोर्टल या सराईतली, अंडरमाउंटन या भुयारी चक्रव्यूहात उतरणारी विहीर. बदललेलं: हार्पर्स (जुलमाविरुद्ध काम करणारी गुप्त संघटना) दोन वर्षांपूर्वी फुटलेत, डॉक वॉर्डचा एक भाग पाण्याखाली गेलाय, झेंटारिम (गुन्हेगारी आणि भाडोत्री लोकांचं जाळं) इथे उघडपणे सावकारी करतात. कोरं: मुखवट्यांमागे नेमकं कोण आहे, आणि हार्पर्स का फुटले.

कोरी जागा ही तयारीतली उणीव समजू नका. एबेरॉन या डी अँड डीच्याच दुसऱ्या जगात, तिथल्या कालगणनेच्या 994 वायके साली अख्खा सायर देश नष्ट झाला. का झाला, ते अधिकृत पुस्तकं ठरवून सांगत नाहीत. सेटिंगचं सगळ्यात मोठं रहस्य डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात सोडलेलं आहे. रेल्म्समध्ये अशी सोय फारशी नाही, सगळ्या कोपऱ्यांत कोणीतरी आधीच काहीतरी लिहून ठेवलंय. म्हणून कोऱ्या जागा तुम्हालाच पाडाव्या लागतात.

हे पान खेळाडूंना द्यायचं. बदल लपवून ठेवून शेवटच्या सेशनला "अहा, पण माझ्या जगात..." करणं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. डीएमला तो ट्विस्ट वाटतो. खेळाडूला मात्र वाटतं, की आपण जे धरून चाललो होतो ते पायाखालून काढून घेतलं. रहस्य ठेवायचंच असेल तर ते लोकांच्या समजुतीआड ठेवा. पुस्तकातली माहिती म्हणजे 'शहरात सगळे असं मानतात' आणि तुमचा बदल म्हणजे खरी गोष्ट. हिस्टरीचा रोल घ्या, म्हणजे पात्राला काय आठवतं ते फासा टाकून ठरवा. डीसी (गाठायचा आकडा) 10 ला पुस्तकातली गोष्ट मिळते, 15 ला तिच्यातली विसंगती, 20 ला ती विसंगती कोणाच्या फायद्याची आहे ते. जाणकार खेळाडूचं वाचन यात फुकट जात नाही. काहीतरी खटकतंय हे त्यालाच आधी कळतं.

बदल करण्याआधी एक प्रश्न विचारा: या गोष्टीवर कोणी पात्र उभं केलंय का? मिस्ट्राची क्लेरिक (पुजारीण) टेबलावर असेल, तर मिस्ट्राला हात लावण्याआधी त्या खेळाडूशी बोला. कोणाचंच काही अडकलेलं नसेल, तर अख्खा थे देश बुडवा, कोणी हूं की चूं करणार नाही. पण एकदा टेबलावर उच्चारलं की ते पक्कं. मग ते पुस्तकाशी जुळत नसलं तरी. सराईचा मालक तुम्ही चुकून बुटका ड्वार्फ सांगितलात आणि पुस्तकात तो माणूस निघाला, तर ड्वार्फच ठेवा. मागे जाऊन दुरुस्ती फक्त तेव्हाच करा, जेव्हा चुकीमुळे एखाद्याचा निर्णय बदलला असता. तीही पुढच्या सेशनच्या सुरुवातीला, दोन वाक्यांत.

टेबलावर कोणी "पण विकीवर तर..." म्हणालं, तर तिथल्या तिथे वाद घालू नका. निकाल द्या, वहीत खूण करा, खेळ पुढे न्या. सेशन संपल्यावर बघू. त्या खेळाडूला कामालाही लावता येतं: "तुझ्या पात्राला सी वॉर्डातल्या तीन खानदानांची नावं माहीत आहेत, सांग." त्याने सांगितलेलं वहीत उतरवा. हटकणारा खेळाडू बहुतेकदा मदतच करू पाहत असतो, फक्त त्याला दुसरी वाट दाखवलेली नसते.

रेल्म्सचं खरं दुखणं मात्र बड्या पात्रांचं आहे. लेराल आहे, ब्लॅकस्टाफ, म्हणजे शहराची प्रमुख जादूगार, वाज्रा सफार आहे, शॅडोडेलला महाजादूगार एलमिन्स्टर बसलाय. मग तिसऱ्या लेव्हलच्या नवख्या पोरांनी शहर का वाचवायचं? बरेच डीएम त्यांना गायब करतात किंवा मारतात. ते खेळाडूंना खोटं वाटतं, कारण नकाशावर ती घरं तशीच असतात. त्यापेक्षा त्यांचे हात बांधा. लेरालला मुखवटेवाल्या लॉर्ड्सना सांभाळून घ्यावं लागतं. उघडपणे एका खानदानावर चालून गेली, तर बाकीची खानदानं उलटतील. वाज्राची मदत मिळते, पण तिची नोंद होते आणि पुढे वसूल केली जाते. आणि बडी पात्रं बोलतात ती शक्यतो सेंडिंग या दूरवर निरोप पाठवणाऱ्या मंत्रातून. तो मंत्र मुळातच पंचवीस शब्दांचा, उत्तरही तेवढ्याच शब्दांत. पंचवीस शब्दांत सल्ला देता येतो, लढाई लढता येत नाही. शिवाय तुमचंही प्रवचन आपोआप आवरतं.

वर्णनाचंही थोडं बघा. लोअर सांगायचं तर एका वेळी एक गोष्ट, आणि तिचा खेळाडूला लगेच काहीतरी उपयोग असलेली. वॉटरडीपमध्ये सोन्याच्या नाण्याला ड्रॅगन म्हणतात, चांदीच्याला शार्ड, तांब्याच्याला निब. हे नाण्यांच्या इतिहासासकट सांगू नका. दुकानदाराला म्हणू द्या, "चार शार्ड, आणि हात लावण्याआधी." कोड लीगलचं पान 'ड्रॅगन हाइस्ट' या वॉटरडीपमधल्या साहसाच्या 2018 च्या पुस्तकात दिलेलंच आहे. ते सुरुवातीला वाटू नका. पहिल्यांदा वॉचने कोणाला पकडलं की त्या हवालदाराच्या हातून द्या. कायदा मोडल्यावर वाचला की लक्षात राहतो.

त्याच साहसाचा सांगाडाही बघण्यासारखा आहे. खलनायक चार, आणि डीएमने ऋतू निवडायचा: वसंतात झॅनाथार, उन्हाळ्यात कॅसलॅंटर दांपत्य, शरदात जारलॅक्सल, हिवाळ्यात मॅनशून. म्हणजे अधिकृत पुस्तकच चारातला कोण खरा, हे तुमच्यावर सोडतं. निवडलेला एक मुख्य ठेवा. उरलेल्या तिघांना एकेक बातमी, एकेक माणूस द्या, आणि पहिल्या चार सेशनमध्ये खेळाडू कोणाच्या मागे लागतात ते बघा. ते भलत्याच माणसाच्या मागे लागले, तर ऋतू बदला. त्यांनी जे अजून पाहिलंच नाही, ते बदललेलं त्यांना कधी कळणारही नाही.