जीटी३ : मॅन्युअल घ्यावी की पीडीके, चालवून कसं ठरवायचं

पोर्शे ९११ जीटी३, ९९२ वाली (९११ ची ९९२ ही पिढी), मॅन्युअल आणि पीडीके दोन्हीत इंजिन तेच, ४ लिटर, ९००० आरपीएमपर्यंत किंचाळणारं. ०-१०० ला ७ स्पीड पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ३.४ सेकंद, ६ स्पीड मॅन्युअल ३.९, पण टेस्ट ड्राइव्हला हे आकडे विसरा राव.

दोन्ही गाड्या एकाच वळणावर न्या. इंजिन गरम होऊ द्या, मग तिसऱ्यातून दुसऱ्यात या. पीडीकेत स्टिअरिंगमागचं डावं पॅडल ओढलं की झालं, दोन क्लच आहेत त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि हात स्टिअरिंगवरच राहतात. मॅन्युअलमध्ये ऑटो ब्लिप (गिअर खाली घेताना गाडी आपोआप इंजिनचा वेग जुळवते ती सोय) बंद करा, ब्रेकवर पाय ठेवूनच ॲक्सिलरेटरला टिचकी द्या, चुकलात तर मागची चाकं लगेच झटका देतात (माझं पहिल्यांदा हेच झालं, शेजारचा हसला). ट्रॅकवर टायमिंग काढायचं असेल तर पीडीके, रविवारच्या घाटासाठी मात्र मी मॅन्युअलच घेईन.