‘से’ की ‘टेल’? जवळच्या अर्थाची इंग्रजी क्रियापदं वेगळी कशी ओळखावीत

कोचिंगच्या नोट्समध्ये एक तक्ता हमखास असतो: से म्हणजे बोलणे, टेल म्हणजे सांगणे, स्पीक म्हणजे बोलणे, टॉक म्हणजेही बोलणे. हा तक्ता फाडून टाका. अर्थ जवळचे आहेत म्हणून तर घोळ होतो, मग तेच अर्थ पुन्हा पाठ करून काय हाती लागणार? खरा फरक क्रियापदाच्या लगेच पुढे काय येतं त्यात असतो: माणूस, वस्तू, की ‘टु’, ‘ॲट’, ‘फ्रॉम’सारखा शब्द.

तेव्हा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा, फोनवरचा चालेल. अर्थाच्या आसपास रचना दिलेली असते: ‘टेल समबडी समथिंग’, ‘से समथिंग टु समबडी’. वहीत ती ओळ उतरवा. अर्थ नाही लिहिला तरी चालेल.

मग वाक्य मराठीत जुळवा, आणि ते खरंच मराठी आहे ना, ते तपासा. इंदुरात इथेच पाय घसरतो. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी असल्यामुळे ‘उसने मेरे को बोला’चं ‘तो मला बोलला’ होतं, आणि म्हणणे, सांगणे, बोलणे हे तिन्ही शब्द एका ‘बोलणे’त बुडतात. इंग्रजीला नेमका हाच फरक हवा असतो आणि मराठीत तो तयार आहे. ‘म्हणाला’ असेल तर बहुधा ‘सेड’, ‘सांगितलं’ असेल तर बहुधा ‘टोल्ड’.

आता अवघड भाग. ‘से’च्या पुढे बोललेली गोष्ट येते, ‘टेल’च्या पुढे ऐकणारा माणूस. ही चार वाक्यं मोठ्याने वाचा:

‘मदर सेड दॅट द शॉप वॉज क्लोज्ड.’ बरोबर.
‘मदर टोल्ड मी दॅट द शॉप वॉज क्लोज्ड.’ बरोबर.
‘मदर सेड मी दॅट द शॉप वॉज क्लोज्ड.’ चूक.
‘मदर टोल्ड दॅट द शॉप वॉज क्लोज्ड.’ हेही चूक, कारण टोल्ड कुणाला?

तिसऱ्या वाक्यातली चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचं कारण मराठीतच आहे. ‘आई मला म्हणाली’ आणि ‘आईनं मला सांगितलं’, दोन्हीकडे तोच ‘मला’. इंग्रजीत मात्र ‘सेड’ला ‘टु मी’ लागतं आणि ‘टोल्ड’ला नुसतं ‘मी’. ‘टोल्ड टु मी’ लिहाल तर तेही चुकेल. ‘से’बरोबर माणूस आणायचाच नाही, असं ठरवलंत तर अर्ध्या चुका आपोआप थांबतात. माणूस हवा असेल तर ‘टेल’ वापरा.

आज्ञा किंवा ताकीद असेल तर ‘टेल’च घ्या: ‘शी टोल्ड मी नॉट टु गो टु सराफा.’ शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यायचे असतील तर ‘सेड’.

‘टेल’ला माणूस लागत नाही अशा थोड्या जागा आहेत, त्या पाठच करा: टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द टाइम. यातली ‘लाय’ची जागा महत्त्वाची. ‘झूठ मत बोलो’ डोक्यात असल्याने ‘डोन्ट स्पीक लाय’ सर्रास ऐकू येतं. ‘स्पीक द ट्रुथ’ चालतं, ‘स्पीक अ लाय’ चालत नाही. त्यात तर्क शोधत बसू नका.

‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’ हे ‘से’च्या घरातले. ‘एक्स्प्लेन मी’ किंवा ‘सजेस्ट मी अ गुड डॉक्टर’ ही रूपं कितीही लोक वापरत असले तरी चूकच. ‘एक्स्प्लेन इट टु मी’ म्हणा. ‘आस्क’ मात्र ‘टेल’सारखं: ‘ही आस्क्ड मी’, मध्ये ‘टु’ नको.

स्पीक आणि टॉक यांच्यात भाषा आली की स्पीक. गप्पा असतील तर टॉक. भाषणाला आणि औपचारिक फोनला स्पीक. बाकी ठिकाणी अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही.

सी, लुक, वॉच यांच्यासाठी मराठीचीच फूटपट्टी पुरते. राजवाडा दिसला, तर ‘सी’. त्याच्या झरोक्यांकडे बघितलं, तर ‘लुक ॲट’. तो ‘कडे’ म्हणजेच ‘ॲट’. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, रात्रभर बघितल्या, तर ‘वॉच’, कारण दृश्य हलतंय आणि आपण लक्ष ठेवून आहोत. ‘ती छान दिसते’मधलं दिसणं मात्र ‘लुक’. ऐकू येणं म्हणजे ‘हिअर’, ऐकणं म्हणजे ‘लिसन टु’. आणि ‘देख रहा हूँ’ मनात आहे म्हणून ‘आय ॲम सीइंग द राजवाडा’ म्हणू नका. ‘आय कॅन सी’ म्हणा.

बॉरो आणि लेंड: वस्तू माझ्याकडे येत असेल तर बॉरो, पुढे ‘फ्रॉम’. माझ्याकडून जात असेल तर लेंड. ‘बॉरो मी युअर पेन’ चूक, ‘लेंड मी युअर पेन’ बरोबर.

स्टील वस्तूला लागतं, रॉब माणसाला किंवा दुकानाला. मोबाइल ‘स्टोलन’ होतो, ‘रॉब्ड’ तुम्ही होता.

राइज आणि रेज, लर्न आणि टीच या जोड्यांत मराठीतला ‘व’ शोधा. वाढणे म्हणजे राइज, वाढवणे म्हणजे रेज. शिकणे म्हणजे लर्न, शिकवणे म्हणजे टीच. हीच युक्ती लाय (पडून असणे) आणि ले (ठेवणे) यांना लावताना जपून, कारण ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च होतो. लाय, ले, लेन आणि ले, लेड, लेड: ही सहा रूपं घोकावीच लागतात, पर्याय नाही.