डॅकचा दिवा लागतो, गाणं मात्र ऐकू येत नाही

यूएसबी डॅक (संगणकातला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा ॲनालॉग करणारं उपकरण) लॅपटॉपला जोडलाय, दिवा लागलाय, फूबार२००० या प्लेअरमध्ये गाणं पुढे सरकतंय आणि हेडफोनमध्ये चिडीचूप. अशा वेळी बहुतेक जण पहिला घाव ड्रायव्हरवर घालतात. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं हा शेवटचा उपाय आहे, कारण त्याने मूळ सेटिंग्जही पुसली जातात आणि बिघाड नेमका कुठे होता ते कधीच कळत नाही. आधी आवाज कुठपर्यंत पोचतोय ते बघा. इथलं सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे, फोनचं थोडं शेवटी.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'mmsys.cpl' टाइप करा आणि एंटर मारा. साउंडची जुनी विंडो उघडेल. तिच्या प्लेबॅक टॅबमध्ये प्रत्येक उपकरणाशेजारी उभी पट्टी असते. आवाज त्या उपकरणाकडे जात असला की ती हिरवी होऊन हलते. फूबारमध्ये गाणं चालू ठेवून ही पट्टी बघायची. डॅक यादीतच नसेल तर घोळ केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरचा. यादीत आहे पण पट्टी मेलेली असेल तर घोळ प्लेअर किंवा विंडोजच्या सेटिंगचा. पट्टी नाचतेय आणि तरी ऐकू येत नसेल, तर संगणकाला हात लावू नका, डॅकच्या पुढचं तपासा.

एक सावधगिरी: ही चाचणी फूबार एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये नसतानाच करायची. त्या मोडमध्ये आवाज विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट डॅकला जातो, आणि डॅकमध्ये स्वतःचा लेव्हल मीटर नसेल तर गाणं छान वाजत असतानाही पट्टी हलत नाही. त्यावरून डॅक बिघडला असं ठरवू नका.

पट्टी हलतेय, आवाज नाही

हे सगळ्यात सोपं. डॅकवर यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्स असे इनपुट असतील तर निवड यूएसबीवर आहे का बघा. ॲम्प्लिफायरवरचा सिलेक्टर ज्या इनपुटला वायर लावली आहे त्यावरच हवा. बऱ्याच डॅकमध्ये हेडफोन खोचला की मागचा लाइन आउट बंद होतो, त्यामुळे विसरून राहिलेला हेडफोन स्पीकर गप्प करू शकतो. हेडफोनची पिन शेवटच्या 'टक'पर्यंत आत गेली पाहिजे. जाड कव्हरमुळे ती एखादा मिलिमीटर बाहेर राहते आणि एक कान किंवा दोन्ही कान बंद पडतात.

डॅक यादीतच नाही

दिवा लागतो म्हणजे फक्त वीज पोचतेय. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. पॉवर बँक किंवा ट्रिमरसोबत आलेल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. शंका असेल तर त्याच केबलने फोन संगणकाला जोडा. फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल ठीक, नुसतं चार्जिंग झालं तर दुसरी घ्या.

टाइप-सी पोर्ट असलेल्या काही स्वस्त डॅकची आणखी एक खोड असते. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की डॅक ढिम्म, आणि एका टोकाला जुना ए प्लग असलेली केबल लावली की लगेच चालू. डॅकच्या सी पोर्टमध्ये सीसी पिनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असावा लागतो. समोर काहीतरी जोडलंय हे संगणकाला त्यावरूनच कळतं. खर्च वाचवायला तो रेझिस्टर गाळलेला असेल तर सी-ते-सी केबलमधून वीजसुद्धा सुटत नाही. अशा डॅकला साधी ए-ते-सी केबल कायमची लावून टाका.

हब बाजूला ठेवा आणि डॅक थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत वीज देतो. पॉवर नसलेल्या हबवर हार्ड डिस्क आणि डॅक शेजारी बसले की डॅक उपाशी राहतो. तरीही दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड १० किंवा २८ असेल तर ड्रायव्हरकडे बघायला हरकत नाही. ९६ किलोहर्ट्झच्या वरचा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) घेणारे डॅक साधारणपणे यूएसबी ऑडिओ क्लास २ वापरतात आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आला. विंडोज ७ किंवा ८ वर डॅकच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय असा डॅक बोलणार नाही.

डॅक दिसतोय, पट्टी मेलेली

खरी गंमत इथे आहे. फूबारमध्ये फाइल, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट असं जा आणि कुठलं उपकरण निवडलंय ते बघा. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज कित्येकदा त्यालाच डिफॉल्ट करून टाकतं, आणि स्पीकर नसलेल्या मॉनिटरमध्ये गाणं इमानेइतबारे वाजत राहतं.

दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. स्वतःचा सिरियल नंबर नसलेला डॅक वेगळ्या पोर्टला लावला की विंडोज त्याला नवं उपकरण समजतं. नावाआधी '२-' असा आकडा लागतो. फूबार मात्र जुन्याच नोंदीकडे आवाज पाठवायला जातो आणि उपकरण सापडत नसल्याचा एरर देतो. आउटपुटच्या यादीतून डॅक पुन्हा निवडा, ॲप्लाय दाबा, झालं. पोर्ट ठरवून टाकला तर ही कटकटच उरत नाही. याच फेरीत व्हॉल्यूम मिक्सर उघडून फूबार एकटाच म्यूट नाही ना तेही बघून घ्या.

आता एक्सक्लुझिव्ह मोड. 'डिव्हाइस इन यूज' असा एरर आला तर डॅक दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय, बहुधा ब्राउझरच्या एखाद्या टॅबने. साउंडच्या विंडोत डॅकच्या प्रॉपर्टीज उघडून ॲडव्हान्स्ड टॅबवर जा. तिथे एक्सक्लुझिव्ह मोडच्या दोन टिक आहेत, एक परवानगीची आणि एक प्राधान्याची. दोन्ही हव्यात. उलट बाजूने, फूबारने डॅक ताब्यात घेतला की यूट्यूब 'ऑडिओ रेंडरर एरर, संगणक रीस्टार्ट करा' म्हणतो. रीस्टार्ट कशाला? फूबारमध्ये स्टॉप दाबा. पॉज पुरत नाही, पॉजवर डॅक सुटत नाही.

'अनसपोर्टेड स्ट्रीम फॉरमॅट' हा एरर वेगळा. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये विंडोज सॅम्पल रेट बदलून देत नाही. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आणि डोंगल फक्त ४८ घेणारं असेल तर गाडी तिथेच अडते. फूबारच्या डीएसपी (आवाजावर प्रक्रिया) मॅनेजरमध्ये रीसॅम्पलर, म्हणजे सॅम्पल रेट बदलणारा घटक, घालून ४८००० ठेवा. आउटपुटच्या पानावरची बिट डेप्थही (एका नमुन्याला किती बिट) १६, २४, ३२ अशी बदलून बघा, काही डॅक २४ नाकारतात आणि ३२ निमूट घेतात. इतकं करायचं नसेल तर सरळ साधा मोड वापरा, रोजच्या ऐकण्याला तो पुरतो.

डीएसडी (एका बिटचा, फार वरच्या सॅम्पल रेटचा ऑडिओ फॉरमॅट) फाइलचं दुखणं आणखी निराळं. डीएसडी६४ डीओपी पद्धतीने, म्हणजे साध्या ऑडिओच्या वेष्टनात भरून, पाठवायला २४ बिट, १७६.४ किलोहर्ट्झचा मार्ग लागतो, त्यामुळे ९६ पर्यंतच जाणाऱ्या डॅकवर ती वाजणारच नाही. डॅक सक्षम असूनही गाण्याऐवजी बारीक खरखर येत असेल तर वाटेत कुणीतरी आकडे बदलतंय. फूबारचा व्हॉल्यूम पूर्ण वर न्या, रीप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) आणि सगळे डीएसपी बंद करा. त्याआधी हेडफोनचा आवाज डॅकवरून कमी करा, नाहीतर कानठळ्या बसतील.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच आवाज जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा. 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन सर्व्हिस रीस्टार्ट केल्यानेही पुष्कळदा काम होतं. गाण्याचा पहिला अर्धा सेकंद कापला जाणं हा बिघाड नव्हे. सॅम्पल रेट बदलताना डॅक तेवढा वेळ स्वतःला म्यूट करतो.

फोनवर

ओप्पो, रिअलमी, विवोच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी (फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसेल तर साधारण १० मिनिटांत ते आपोआप बंद होतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारा पर्याय चुकून चालू राहिलाय का तेही पाहा. आणि टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर डोंगल घेताना आत डॅक आहे याची खात्री करा. काही स्वस्त डोंगलमध्ये नुसत्या तारा असतात. ज्या फोनच्या सी पोर्टमधून ॲनालॉग आवाज निघतो तिथेच ती चालतात, लॅपटॉपवर कधीच नाही.

हे सगळं करून झाल्यावरच ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमधून उपकरण ड्रायव्हरसकट काढा, डॅक उपसा, संगणक रीस्टार्ट करा आणि कंपनीचा इन्स्टॉलर चालवा. तो सांगेल तेव्हाच डॅक जोडायचा. तरीही नाही बोलला तर दुसऱ्या संगणकावर लावून बघा, आणि वॉरंटीसाठी दुकानात नेताना वापरातली केबलही सोबत न्या.