एका कणसातून ओळखा अलंकार

भाषेतले अलंकार ओळखताना पहिली चूक होते ती खुणेच्या शब्दावर झडप घालण्याची. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘वाटते’ दिसले की उत्प्रेक्षा! पण ‘मला वाटते, आज पाऊस येईल’ यात कशाची तुलना कशाशी आहे? ‘तो वडिलांसारखाच उंच आहे’ यात तुलना आहे, पण ती नुसती माहिती झाली. उपमेला दोन भिन्न वस्तू लागतात आणि त्यांच्या साम्यातून खुललेले सौंदर्य लागते.

म्हणून आधी वाक्य सुटे करा. ‘ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत.’ ज्याचे वर्णन चालले आहे ते दाणे म्हणजे उपमेय. ज्याच्याशी तुलना केली ते मोती हे उपमान. टपोरेपणा हा दोघांतला सारखा गुण, म्हणजे साधारण धर्म, आणि ‘सारखे’ हा साम्य दाखवणारा, म्हणजे साधर्म्यवाचक शब्द. मग उपमेय आणि उपमान यांच्यात अंतर किती उरले ते पाहा. खरी मेख तिथे आहे.

उपमेत दोन्ही वेगळे राहतात. ‘दाणे जणू मोतीच’ म्हटले की दाणे हे मोतीच असावेत अशी कल्पना होते, ती उत्प्रेक्षा. ‘कणसात दाण्यांचे मोती भरले’ यात अंतरच मिटते, हे रूपक. ‘हे दाणे नव्हेत, मोती आहेत’ यात उपमेय चक्क नाकारले, म्हणून अपन्हुती.

रूपकात ‘चा-ची-चे’ फसवतात. ‘मोत्यांची माळ’ हे रूपक नव्हे, ‘दुःखाचा डोंगर’ मात्र आहे. ‘रूपी’ लावून बघा: ‘दुःखरूपी डोंगर’ जुळते, ‘मोतीरूपी माळ’ जुळत नाही.

ससंदेह आणि भ्रांतिमान यांचीही फार गल्लत होते. ‘हे दाणे म्हणावेत की मोती?’ इथे मन दोन्हींत हेलकावते: ससंदेह. ‘मोती समजून हंसाने कणसाला चोच मारली’ इथे शंका उरली नाही, भ्रम झाला आणि त्या भ्रमातून कृतीही घडली: भ्रांतिमान. कृती दिसली की उत्तर बहुधा पक्के.

आता ज्ञानेश्वरीतली मराठी बोलाबद्दलची ओळ घ्या: ‘परि अमृतातेंही पैजां जिंके’. इथे ‘सारखा’ नाही, ‘जणू’ नाही, वरचढपणा दाखवणारे ‘हून’सुद्धा नाही. उपमेय मराठी बोल, उपमान अमृत, आणि पैज जिंकतो तो बोल. उपमेय उपमानाच्या वर गेले, म्हणून व्यतिरेक.