हाल, मुक्काम, फन्ना: सूफी कवितेच्या अभ्यासाला बसण्याआधी

मराठवाड्यातून सूफी कवितेकडे वळणाऱ्याची पहिली अडचण अशी की निम्मे शब्द त्याला आधीच येतात. हाल, मुक्काम, हैराण, गरीब, तमाशा, फन्ना, बाकी, खबर. यातला एकही शब्द कोशात पाहावासा वाटत नाही, आणि घात तिथेच होतो.

आपल्याकडे हाल म्हणजे हालअपेष्टा. सूफी परिभाषेत हाल म्हणजे मनावर अवचित उतरणारी आणि तशीच निघून जाणारी अवस्था. तिच्यासमोर ठेवायचा शब्द मकाम, म्हणजे आपला मुक्काम. मकाम साधनेने मिळवावा लागतो आणि तो टिकतो. हाल मागून मिळत नाही आणि धरून ठेवता येत नाही. आपण जेवणाचा फन्ना उडवतो, तो शब्द मूळचा फना, म्हणजे स्वतःचे नाहीसे होणे. त्यापुढची अवस्था बका, आणि वजाबाकीतली बाकी त्याच धातूची. ग़रीब म्हणजे परका, घरापासून दूर असलेला. खुलताबादच्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन ग़रीब यांच्या नावाचे भाषांतर ‘दरिद्री’ असे करणारे निबंध आजही येतात, ते यामुळेच. हैराण म्हणजे आपल्याला त्रासलेला. मुळात तो चकित होऊन वाट हरवलेला माणूस आहे, आणि सूफी वाटेवर ही हैरत मोठी मोलाची.

म्हणून पहिल्या महिन्यात एक वही फक्त अशा शब्दांची करा. एका पानावर एकच शब्द: मराठीतला अर्थ, मूळ अर्थ, त्याच धातूचे इतर शब्द आणि तो भेटला तो शेर. साठ-सत्तर पाने भरली की वाचनाचा वेग आपोआप वाढतो. जुल्फ म्हणजे माया, शराब म्हणजे ईश्वरप्रेम, साकी म्हणजे गुरू असे तयार तक्ते मात्र पाठ करू नका. तक्ता लावला की सगळ्या कवितांचा अर्थ एकच निघतो, मग इतके कवी वाचायचे कशाला?

लिपी शिकावीच लागते. देवनागरीत ज़ लिहिला की त्यामागे उर्दूची चार वेगळी अक्षरे असू शकतात, स मागे तीन. अक्षर माहीत नसेल तर कोश उघडून उपयोग नाही आणि धातूही सापडत नाही. रोज पाऊण तास दिला तर छापील नस्तालीक, म्हणजे उर्दूची नेहमीची वळणदार लिपी, सहा ते आठ आठवड्यांत अडखळत का होईना वाचता येते. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करण्याजोगा आहे. हस्तलिखितांची गोष्ट वेगळी. तिथे काफ आणि गाफ सारखेच दिसतात, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असतात, मोठी ये आणि छोटी ये यांत भेद केलेला नसतो. पहिली दोन वर्षे हस्तलिखितांच्या नादी लागू नये.

दखनीच्या, म्हणजे दख्खनमधल्या जुन्या उर्दूच्या, बाबतीत मात्र इथला विद्यार्थी दिल्ली-लखनौच्या विद्यार्थ्यापेक्षा चार पावले पुढे असतो. ‘नको’ हा शब्द, जोर देणारा ‘च’, ‘लोगां’, ‘बातां’ अशी अनेकवचने, ‘बोल्या’, ‘देख्या’ ही रूपे इथल्या बाजारात कानावर पडतात. दखनी संहितेत ‘को’ऐवजी ‘कूं’ आणि ‘से’ऐवजी ‘सूं’ दिसले की ती चूक समजून दुरुस्त करू नका. सिराज औरंगाबादीच्या सर्वांत प्रसिद्ध गझलेच्या मक्त्यात, म्हणजे कवीचे नाव असलेल्या शेवटच्या शेरात, ‘दिल-ए-बेनवा-ए-सिराज कूं’ आहे. गाताना आणि कधी छापतानाही त्याचे ‘को’ करून टाकतात, आणि कवी कुठला हे त्या एका अनुस्वारासकट पुसले जाते.

हीच गझल पहिली घ्या. सिराज अठराव्या शतकातला, औरंगाबादचा. चरित्रकार सांगतात की पीराच्या आज्ञेवरून त्याने ऐन उमेदीत गझल लिहिणे थांबवले. ‘भाषेच्या मर्यादा’ या विषयावर वीस पानांची तात्त्विक प्रस्तावना लिहिण्यापेक्षा या दोन ओळींपाशी आठवडाभर बसणे बरे:

ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़ सुन, न जुनूँ रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा, जो रही सो बेख़बरी रही

आधी वजन, म्हणजे वृत्त, मोजा. मराठी गझल लिहिणाऱ्यांना लगावली, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, ठाऊक असते, तीच इथे लावायची: ल ल गा ल गा, असे चार वेळा, ओळीत २८ मात्रा. मोजताना नवखा अडखळतो तो इज़ाफ़तीच्या, म्हणजे दोन शब्द जोडणाऱ्या, ‘ए’पाशी. ‘ख़बर-ए’ मधला ‘रे’ इथे दीर्घ धरावा लागतो आणि लगेच पुढच्या ‘तहय्युर-ए’ मधला ऱ्हस्व. एकच ध्वनी, दोन वजने. ‘तो’, ‘जो’, ‘सो’ हेही इथे ऱ्हस्व. आपल्या अक्षरगणवृत्तांत एवढी मोकळीक नाही, त्यामुळे मराठी विद्यार्थी ओळ सदोष ठरवून मोकळा होतो. ओळ निर्दोष आहे.

वजनाचा उपयोग केवळ गाण्यापुरता नाही, ते अर्थाची राखण करते. याच गझलेत पुढे आहे:

शह-ए-बेख़ुदी ने अता किया मुझे अब लिबास-ए-बरहनगी
न ख़िरद की बख़ियागरी रही न जुनूँ की परदादरी रही

‘परदादरी’ हे हमखास ‘परदादारी’ असे वाचले आणि टंकले जाते. दारी म्हणजे राखणे, दरी म्हणजे फाडणे. एका कान्याने अर्थ नेमका उलटा होतो. अकलेचे शिवणकाम गेले आणि वेडाची फाडाफाडही गेली, असे कवी म्हणतोय. ‘परदादारी’ वाचले तर शिवणे-फाडणे ही जोडीच मोडते. लगावली मोजली असती तर तो कान्या आत शिरलाच नसता, कारण त्या जागी लघू हवा. आणि ‘लिबास-ए-बरहनगी’, नग्नतेचा पोशाख, हे सुंदर रूपक म्हणून सोडून देऊ नका. वस्त्र गेले हे सांगायलाही भाषेला वस्त्राचाच शब्द घ्यावा लागला. मर्यादा दिसते ती अशी, ओळीत, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी.

पहिल्या शेरातही तेच. ओळ ‘प्रेमातल्या चकित होण्याची (तहय्युर) खबर ऐक’ म्हणून सुरू होते आणि ‘बेखबरी’वर संपते. बातमी अशी की बातमी सांगणारा उरला नाही. जुनून आणि परी ही जोडीही यदृच्छेने आलेली नाही. फारसी परंपरेत परी दिसली की माणूस वेडा होतो, आपल्याकडे लागीर होते तसा. म्हणजे आधी कार्य पुसले, मग कारण पुसले, मग ‘तू’, मग ‘मी’. हा क्रम उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी विरळा.

आता याचे मराठी करून पाहा. ‘तू रहा’, ‘मैं रहा’: उर्दूत क्रियापद दोघांना एकच आहे. तू आणि मी यांतला भेद व्याकरणाने आधीच मिटवून ठेवलाय, कवीने त्याचा फायदा घेतला. मराठीत ‘ना तू राहिलास, ना मी राहिलो’ म्हणताच भेद परत उभा राहतो, क्रियापदच ओरडून सांगते की हा तू आणि हा मी. बोलणारी बाई असेल तर ‘राहिले’, म्हणजे आणखी एक भेद. ‘मीतूपण उरले नाही’ केले तर क्रियापदाची अडचण सुटते, पण शेर एकदम कीर्तनात जाऊन बसतो, शिवाय तू आणि मी या दोन जित्या माणसांच्या जागी एक भाववाचक नाम येते. ‘ना तू, ना मी, उरली ती बेखबरी’, म्हणजे क्रियापद एकदाच शेवटी आणणे, हे त्यातल्या त्यात जवळचे. ‘उरली’चे स्त्रीलिंगही तिथे टिकते. तरी बेखबरी शब्द राहतोच. मराठीत बेखबर म्हणजे गाफील. ‘बेभान’ घेतले तर अर्थ येतो, पण खबर-बेखबरीची गाठ सुटते. काहीतरी सोडावे लागणार. काय सोडले ते भाषांतराखाली दोन ओळींत नोंदवायची सवय आत्तापासून लावा, संपादकाला आणि परीक्षकाला तीच आधी दिसते.

सर्वनामाची हीच अडचण सूफी हल्लाजच्या ‘अनल्-हक्क’ (‘मीच सत्य’) या उद्गारात आहे. ९२२ साली बगदादला त्याला देहान्त शिक्षा झाली. अशा आवेगातल्या उद्गारांना सूफी शत्ह म्हणतात. त्याच्याशेजारी ‘अहं ब्रह्मास्मि’ ठेवून पुढे जाण्याची घाई करू नये. प्रश्न एवढाच विचारावा की यातला ‘अना’, ‘मी’, उच्चारणारा कोण? फना झालेल्याला ‘मी’ म्हणायला तोंड कुठले, आणि भाषेत ‘मी’वाचून बोलायची सोय कुठली? दहाव्या शतकातल्या निफ्फरी या सूफीचे वचन या संदर्भात नेहमी येते: दृष्टी जसजशी रुंदावते, तसतशी वाणी अरुंद होते. ते वापरा, पण निबंधाच्या सुरुवातीला शोभेसाठी नको.

संतांशी तुलना हा इथला आवडता विषय, आणि सर्वांत जास्त प्रबंध त्याच खड्ड्यात पडतात. ‘सूफी आणि वारकरी यांचा संदेश एकच’ हे वाक्य लिहिले की संशोधन संपते. पैठणला नाथांचा हिंदू-तुर्क संवाद, श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा योगसंग्राम, अशी सामग्री हाताशी आहे. पण भाषेच्या मर्यादेवर लिहायचे तर ज्ञानेश्वरांकडे जा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ‘हें शब्देंवीण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोलाआदि झोंबिजे । प्रमेयासी ॥’ ही ओवी आहे. ती सगळे उद्धृत करतात. अमृतानुभवाचे सहावे प्रकरण, शब्दखंडन, मात्र फार थोडे उघडतात. तिथे शब्दाचे आधी कौतुक आहे: तो आठवण करून देतो, अमूर्ताला आरसा दाखवतो. मग तो निरुपयोगी ठरतो, कारण जे स्वतःच प्रकाशमान आहे त्याला आठवण करून द्यायची कुणी आणि कुणाला? सिराजकडे शब्द थांबतो तो सांगणारा उरला नाही म्हणून. अमृतानुभवात शब्दाचे कामच नव्हते, वस्तू कधी लपलेली नव्हती. हा फरक धरून ठेवला तर तुलनेला अर्थ आहे.

खुलताबादला एकदा तरी पुस्तक हातात घेऊन जा. बुऱ्हानुद्दीन ग़रीब (निधन १३३७) आणि ज़ैनुद्दीन शीराज़ी (निधन १३६९) यांचे दर्गे तिथे आहेत. दिल्लीच्या सूफी निज़ामुद्दीन औलियांच्या बैठकींची नोंद ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये करणारा कवी अमीर हसन सिज्ज़ीही तिथेच आहे. या ‘मल्फूज़ात’ प्रकारच्या नोंदी कवितेआधी वाचायच्या. बैठकीत बोलणे कुठे थांबले आणि शेर कुठे आला, हे त्यांत दिसते. पुष्कळदा तो शेर साधा प्रेमाचा असतो, सूफी ठरतो तो बैठकीमुळे. त्यामुळे ‘हे प्रेम लौकिक की अलौकिक’ हा परीक्षेतला लाडका प्रश्न बाजूला ठेवा आणि शेर कुणी, कुठे, कुणासमोर म्हटला ते विचारा. जाताना डोके झाकायला रुमाल ठेवा. आतल्या भागात बायकांना प्रवेश आहे का आणि फोटो चालतील का, ते आधी विचारून घ्या. शिलालेखांवर आणि पुस्तकांत हिजरी सन असतो. ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो: सिराजच्या निधनाचे ११७७ हिजरी म्हणजे १७६३-६४. हिजरी वर्ष दोन इसवी वर्षांत पसरते, म्हणून महिना माहीत नसेल तर जोडसालच लिहावे.

साधनांबद्दल थोडक्यात. रेख्ता या उर्दू कवितेच्या संकेतस्थळावर शब्दावर बोट ठेवताच अर्थ येतो. सोय चांगली, पण येतो एकच अर्थ, आणि सूफी कवितेत नेमका दुसरा लागतो. प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) आणि स्टाइनगासचा फारसी कोश (१८९२) जुने असले तरी धातूपर्यंत पोचवतात. दखनी हस्तलिखितांसाठी पुढे हैदराबादला जावे लागेल, सालारजंग संग्रहालय आणि इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू इथे. रूमीच्या नावावर मोबाइलवर फिरणारी वाक्ये मात्र कटाक्षाने टाळा. त्याच्या मसनवीचे सहा दफ्तर, म्हणजे खंड, आहेत. दफ्तर आणि शेराचा क्रमांक मिळत नसेल तर ते वाक्य प्रबंधात घेऊ नये, कितीही गोड असले तरी.

पदवीचे म्हणाल तर विद्यापीठात उर्दूतून जा किंवा मराठीतून, दुसरी भाषा नेटाने शिकलात तरच उपयोग. नुसत्या मराठीवर भाषांतरांची भाषांतरे वाचावी लागतात आणि नुसत्या उर्दूवर अमृतानुभव बंदच राहतो. फारसी तिसऱ्या वर्षापासून धरली तरी चालते. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आणि वाट पाहणारे फार, हे लपवण्यात अर्थ नाही. भाषांतर, हस्तलिखितांची सूची करणे, वेरूळ-दौलताबाद-खुलताबाद वाटेवर जाणकार मार्गदर्शक म्हणून काम, ही जोडीची कामे शिकत असतानाच सुरू करावीत.

प्रबंधाचा विषय लहान घ्या. ‘मराठवाड्यातील सूफी काव्य: एक अभ्यास’ असा विषय मार्गदर्शकाने सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. सिराजच्या गझलांतली नकारवाचक रूपे, दखनी ‘कूं’-‘सूं’चे छापील आवृत्त्यांत काय झाले, एका शेराची मराठी भाषांतरे आणि प्रत्येकात काय सुटले, असे विषय तीन वर्षांत पुरे होतात. सादर करण्याआधी उद्धृत केलेला प्रत्येक शेर मोठ्याने, लगावलीवर वाचून पाहा. जिथे जीभ अडखळेल तिथे बहुधा टंकलेखनाची चूक असते.